पायथॉन: डिस्क्रिप्टरने फील्ड तपासायचं, की तिथूनच डेटाबेसमध्येही लिहायचं?

निफाडकर

द्राक्षांच्या पॅकहाऊससाठी नोंदींचं सॉफ्टवेअर लिहितोय. पायथॉन ३.१२, एसक्यूलाइट, सगळं एका लॅपटॉपवर, कारण नेट असेलच याची खात्री नाही. मुख्य ऑब्जेक्ट 'लॉट': प्लॉट नंबर, वाण (थॉमसन, सोनाका, शरद, क्रिमसन यांपैकीच एक), ब्रिक्स (रसातल्या साखरेचं प्रमाण), ढोबळ वजन, निव्वळ वजन, तोडणीची तारीख, शेतकऱ्याचं नाव. असे आठ-दहा क्लास आहेत.

प्रत्येक फील्डला प्रॉपर्टी लिहिली तर तोच गेटर-सेटर पन्नास ठिकाणी येतो, म्हणून डिस्क्रिप्टर (फील्ड वाचताना-लिहिताना मध्ये चालणारा वेगळा ऑब्जेक्ट) करायचं ठरवलं आहे. 'संख्या', 'मजकूर', 'पर्याय' असे तीन प्रकार बनवायचे आणि क्लासमध्ये फक्त नावं मांडायची. तीन प्रश्न आहेत.

पहिला: फील्डची किंमत (व्हॅल्यू) नेमकी कुठे ठेवायची? दुसरा: डंडर सेटमध्येच (फील्डमध्ये किंमत भरताना चालणारी मेथड; 'डंडर' म्हणजे नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर) अपडेट चालवून कमिट करून (बदल डेटाबेसमध्ये कायम करून) टाकलं तर सेव्ह करायचं विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. पायथॉनच्या अधिकृत मार्गदर्शिकेतल्या डेटाबेसच्या उदाहरणातही तसंच केलं आहे. खऱ्या कामात हे चालेल का? तिसरा: मागच्या हंगामांच्या नोंदी एक्सेलमधून आत घ्यायच्या आहेत. त्या वेळी हे नियमच नव्हते. त्यांचं काय करायचं?

गोदाकाठ

पहिल्याचं उत्तर: किंमत त्या-त्या इन्स्टन्सच्या (क्लासपासून बनलेल्या एकेका ऑब्जेक्टच्या) डंडर डिक्टमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या डिक्शनरीत, ठेवा. डिस्क्रिप्टरच्या स्वतःच्या सेल्फवर कधीच ठेवू नका. डिस्क्रिप्टर क्लासवर एकदाच तयार होतो आणि सगळ्या लॉटना तोच एक असतो. सेल्फवर ठेवलं की दुसऱ्या लॉटचा ब्रिक्स भरताच पहिल्याचाही बदलतो. एकच ऑब्जेक्ट घेऊन टेस्ट लिहिली तर हा बग दिसतच नाही. टेस्टमध्ये दोन ऑब्जेक्ट हवेतच.

फील्डचं नाव डंडर सेट-नेममधून मिळतं. ३.६ पासून क्लास तयार होताना पायथॉन ते आपोआप बोलावतं आणि मालक क्लास व नाव दोन्ही देतं. ते नाव जपून ठेवायचं आणि डंडर सेटमध्ये इन्स्टन्सच्या डिक्टमध्ये त्याच नावाखाली किंमत टाकायची. तिथे सेटअॅट्रने त्याच नावावर लिहिलंत तर डंडर सेट पुन्हा स्वतःलाच बोलावतो आणि रिकर्शन एरर येते. सेटअॅट्रच वापरायचं असेल तर आधी एक अंडरस्कोअर लावून खासगी नाव घ्या.

डंडर गेटमध्ये (किंमत वाचताना चालणारी मेथड) इन्स्टन्स नन असेल तर सेल्फ परत द्या. कोणी क्लासवरूनच 'लॉट डॉट ब्रिक्स' विचारलं तर तेव्हा इन्स्टन्स नसतो.

मेरीकर

क्लास तयार झाल्यावर बाहेरून डिस्क्रिप्टर चिकटवला तर सेट-नेम आपोआप चालत नाही. हाताने बोलवावं लागतं.

मधला_स्टॅक

गोदाकाठ यांनी त्याच नावाखाली डिक्टमध्ये ठेवायला सांगितलं. ते का चालतं हे माहीत असलेलं बरं, नाहीतर उद्या कोणीतरी डंडर सेट काढून टाकेल आणि तपासणी गुपचूप बंद पडेल.

ऑब्जेक्टवर नाव शोधताना पायथॉन आधी क्लासमध्ये आणि त्याच्या पालक क्लासांत पाहतं. तिथे सापडलेल्या वस्तूला डंडर सेट किंवा डंडर डिलीट असेल तर तो डेटा डिस्क्रिप्टर, आणि त्याचा मान पहिला. त्यानंतर इन्स्टन्सचं डिक्ट. नुसता डंडर गेट असलेला डिस्क्रिप्टर त्याच्याही नंतर. म्हणून डेटा डिस्क्रिप्टर असताना डिक्टमधली त्याच नावाची किंमत थेट वर येत नाही, गेटमधूनच येते.

यातूनच एक चूक होते. 'फक्त वाचायचं' फील्ड करायचं म्हणून लोक नुसता डंडर गेट लिहितात. मग कोणी त्यात किंमत भरली तर एरर येत नाही, किंमत डिक्टमध्ये जाते आणि पुढे तीच मिळत राहते. वाचण्यापुरतं फील्ड हवं असेल तर डंडर सेट लिहून त्यात अॅट्रिब्यूट एरर उठवा.

सातपूर_शिफ्ट

किंमत वीक-की-डिक्शनरीत (जी की असलेल्या ऑब्जेक्टला मेमरीत धरून ठेवत नाही) ठेवायची पद्धतही आहे. इन्स्टन्स ही की, किंमत ही व्हॅल्यू. मेमरी लीक होत नाही आणि इन्स्टन्सचं डिक्ट स्वच्छ राहतं.

गोदाकाठ

@सातपूर_शिफ्ट, इथे ते नको. ती डिक्शनरी की शोधताना हॅश आणि समानता वापरते. लॉटला तुम्ही डंडर ईक्यू लिहिलं आणि हॅश लिहिला नाही, की लॉट हॅशेबल राहत नाही आणि पहिल्याच असाइनमेंटला टाइप एरर. हॅशही लिहिला, तर जे दोन लॉट 'समान' ठरतील त्यांची किंमत एकच होऊन बसेल. स्लॉट्स (डिक्टऐवजी ठरावीक नावांच्या जागा) वापरले आणि त्यात डंडर वीकरेफ नसला तर वीक रेफरन्सच घेता येत नाही. शिवाय ऑब्जेक्ट पिकल केला (साठवण्यासाठी बाइटमध्ये बदलला) तर किमती त्याच्याबरोबर जातच नाहीत, कारण त्या त्याच्यात नसतात.

स्लॉट्स हवेच असतील तर खासगी, अंडरस्कोअरवालं नाव स्लॉट्समध्ये लिहा. जाहीर नाव लिहिलंत तर क्लास तयार होतानाच व्हॅल्यू एरर येईल, कारण त्या नावावर डिस्क्रिप्टर आधीच आहे.

अक्षरवेल

किंमत कुठे ठेवायची यावर झालं. ती तपासायची कशी, यावर सांगते. मराठी नावं आणि मराठी आकडे भरणार असाल तर इथे घोळ जास्त आहेत.

ब्रिक्सपासून सुरू करू. हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरची पट्टी साधारण ० ते ३२ असते, म्हणून तीच मर्यादा धरली. 'शून्यापेक्षा कमी किंवा ३२ पेक्षा जास्त असेल तर एरर' असं लिहिलं तर फ्लोटमधला नॅन ('संख्या नाही' अशी खास किंमत) सहज आत शिरतो, कारण नॅनशी केलेली कमी-जास्तची प्रत्येक तुलना खोटी ठरते. अट उलटी लिहा: '० ते ३२ च्या आत नसेल तर एरर'. मग नॅन तिथेच अडतो. मॅथमधलं इज-फायनाइट लावलं तर हेतू वाचणाऱ्यालाही कळतो.

क्रेटच्या संख्येसाठी इन्ट तपासताना ट्रू आणि फॉल्सही पास होतात, कारण बूल हा इन्टचाच उपप्रकार आहे. बूल आधी वेगळा नाकारा.

आता आकडे. पायथॉनचं इन्ट '१२३' हा मजकूर नीट १२३ समजतं, फ्लोटही '२२.५' घेतं. '१२३' ला इज-डिजिटही हो म्हणतं. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला बॅकस्लॅश-डी देवनागरी अंक पकडतो, पण चौकटी कंसात शून्य ते नऊ लिहिलं तर पकडत नाही. म्हणजे प्लॉट नंबर एका तपासणीत पास आणि दुसरीत नापास. म्हणून डिस्क्रिप्टरमध्ये दोन पायऱ्या ठेवा. आधी रूपांतर: मजकुरातले अंक एका लिपीत आणायचे, कडेच्या मोकळ्या जागा काढायच्या. मग तपासणी. डिक्टमध्ये जायची ती रूपांतरित किंमत, मूळ नव्हे.

नावासाठी इज-अल्फा अजिबात वापरू नका. 'द्राक्षे' या शब्दावर ते फॉल्स देतं, कारण काना, मात्रा आणि हलंत यांना ते अक्षर मानत नाही. रामदास, सुनीता, सगळेच नापास होतील. लांबीची मर्यादा घालतानाही लेन कोडपॉइंट मोजतं: 'द्राक्षे' डोळ्यांना दोन अक्षरं, लेनला ८, यूटीएफ-८ मध्ये २४ बाइट. नावाला ३० ची मर्यादा ठेवलीत तर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव बसणं अवघड आहे. १२० ठेवा.

मेरीकर

+१. आणि 'शेतकऱ्याचं' मधला र? तो दोन तऱ्हेने टाइप होतो.

अक्षरवेल

बरोबर, तो सर्वांत त्रासदायक. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत देतात, काही र, हलंत आणि शून्य रुंदीचा जोडक देतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पायथॉनला ती दोन वेगळी स्ट्रिंग असतात. युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं एनएफसी सामान्यीकरण लावा, त्याने र आणि नुक्ता मिळून आलेला ऱ एकच होतो. पण जोडकवालं रूप एनएफसीने बदलत नाही. त्यासाठी 'र, हलंत, जोडक' दिसलं की 'ऱ, हलंत' करणारी एक ओळ स्वतः लिहावी लागते. स्ट्रिपनेही तो जोडक निघत नाही, कारण पायथॉनच्या लेखी तो मोकळी जागा नाही.

नाशिकरोडकर

दुसऱ्या प्रश्नावर येतो. असाइनमेंटबरोबर कमिट करू नका, असं माझं ठाम मत आहे.

ढोबळ आणि निव्वळ वजन अशी दोन फील्डं बदलायची आहेत. पहिल्याचं कमिट झालं आणि दुसऱ्याच्या आधी वीज गेली किंवा दुसऱ्याची तपासणी नापास झाली, तर डेटाबेसमध्ये अर्धी नोंद बसते: ढोबळ नवं, निव्वळ जुनं. दोन्ही आकडे स्वतंत्रपणे वैध, म्हणून कुठलीही फील्ड-तपासणी ती चूक नंतर शोधू शकत नाही. व्यवहार एकत्र पुरा व्हावा किंवा अजिबात होऊ नये, याचसाठी ट्रान्झॅक्शन असतं. फील्डगणिक कमिट म्हणजे ते फेकून देणं.

डंडर इनिटमध्येही (ऑब्जेक्ट बनताना चालणारी मेथड) अडचण आहे. नव्या लॉटची ओळ टेबलात अजून नाही, तरी अपडेट चालतं. एसक्यूलाइट एरर देत नाही, शून्य ओळी बदलतं आणि गप्प बसतं. कर्सरचा रोकाउंट १ आहे का हे तपासलं नाही तर किंमत कुठेच लिहिली गेली नाही हे कळणारच नाही.

वेगही पाहा. प्रत्येक कमिटला डिस्कवर खरोखर लिहून होईपर्यंत थांबावं लागतं. आणि मार्गदर्शिकेतल्या त्या उदाहरणात वाचनही दर वेळी सिलेक्टमधून होतं. ५०० लॉट ब्रिक्सप्रमाणे लावायचे म्हटले की ५०० क्वेऱ्या.

सातपूर_शिफ्ट

सरसकट नाही म्हणणं मला पटत नाही. सेटिंगसारख्या ऑब्जेक्टला हीच पद्धत योग्य आहे: चालू हंगाम, काट्याचा पोर्ट, छापायच्या लेबलचा शेवटचा क्रमांक. प्रत्येक किंमत स्वतंत्र, बदल दिवसातून थोडे, आणि बदलली की लगेच टिकलीच पाहिजे. लेबल क्रमांक मेमरीत पुढे गेला आणि डिस्कवर मागे राहिला तर प्रोग्राम पुन्हा सुरू केल्यावर एकच क्रमांक दोन पेट्यांवर छापला जाईल. तिथे असाइनमेंटबरोबर कमिटच हवं.

नाशिकरोडकर

मान्य, सेटिंगला चालेल. क्रम मात्र सांभाळा: आधी तपासणी, मग डेटाबेस, आणि कमिट झाल्यावरच डिक्टमधली किंमत बदला. उलट केलं आणि कमिट फसलं तर मेमरी एक सांगते आणि डिस्क दुसरं.

लॉटसाठी माझी रचना अशी: डंडर सेट तपासतो, डिक्टमध्ये ठेवतो आणि फील्डचं नाव त्या इन्स्टन्सच्या 'बदललेले' या सेटमध्ये टाकतो. तो सेट इनिटवर अवलंबून ठेवू नका, डिक्टच्या सेट-डिफॉल्टने लागेल तेव्हा तयार करा, कारण इनिट न चालताही ऑब्जेक्ट तयार होऊ शकतो. जुनी किंमत समान असेल तर नोंद टाळायची हे ठीक, पण १, १.० आणि ट्रू पायथॉनला समान वाटतात. टाइपही ताडून पाहा.

सेव्ह ही वेगळी मेथड. ती आधी दोन फील्डांमधले नियम तपासते (निव्वळ वजन ढोबळपेक्षा जास्त नको, हे एकट्या डिस्क्रिप्टरला तपासता येत नाही), मग 'बदललेले'मधल्या नावांचं एकच अपडेट बनवते आणि कनेक्शनच्या विथ ब्लॉकमध्ये चालवते. 'बदललेले' रिकामा करायचा तो विथ ब्लॉकच्या बाहेर, कमिट झाल्यावर. आणि तो विथ ब्लॉक कनेक्शन बंद करत नाही, फक्त कमिट किंवा रोलबॅक करतो. कॉलमच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्ह चालत नाही, ते फक्त किमतींसाठी. नावं क्लासमधल्या डिस्क्रिप्टरांकडून घ्या, वापरणाऱ्याने टाइप केलेल्या मजकुरातून कधीही नको.

कनेक्शन क्लासवर टांगून ठेवू नका. काटा वाचणारा वेगळा थ्रेड असेल तर एका थ्रेडमध्ये उघडलेलं कनेक्शन दुसऱ्यात वापरताच प्रोग्रामिंग एरर येते. सेव्हला कनेक्शन बाहेरून द्या.

रिकामा_टपल

लॉटला 'दोष' अशी यादी असेल तर सावध. यादीत अपेंड केलं की डंडर सेट चालतच नाही. तपासणी नाही, 'बदललेले'मध्ये नोंद नाही, सेव्हला पत्ता नाही. डंडर सेटमध्ये यादीचं टपल (जागच्या जागी बदलता न येणारी यादी) करून ठेवा, म्हणजे बदल करायला पूर्ण नवी किंमत द्यावीच लागेल. त्याहून बरं म्हणजे दोषांचं वेगळं टेबल.

मधला_स्टॅक

डंडर सेटला वळसा घालणारे रस्ते आणखी आहेत. पिकलमधून ऑब्जेक्ट परत आणताना इनिट चालत नाही आणि किमती थेट डिक्टमध्ये भरल्या जातात, म्हणजे डंडर सेटही चालत नाही. कॉपी मॉड्यूलचंही तेच. पिकल किंवा शेल्व्ह वापरून 'टिकाऊ' ऑब्जेक्ट करायचा विचार असेल तर डंडर सेट-स्टेट लिहून त्यात प्रत्येक किंमत सेटअॅट्रने भरा. आणि कोणी डीबी ब्राउझर उघडून हातानेच आकडा बदलला तर पायथॉन चित्रातच नाही. पुढच्या दाराला कुलूप घालून मागचं उघडं ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून टेबलावरही नियम हवेत.

एसक्यूलाइटमध्ये कॉलमला इंटिजर लिहिलं तरी त्यात मजकूर बसतो. ३.३७ (२०२१) पासून टेबल तयार करताना शेवटी स्ट्रिक्ट लिहिता येतं, मग बसत नाही. तुमच्या पायथॉनसोबत कुठली एसक्यूलाइट आली आहे ते एसक्यूलाइट३ मॉड्यूलच्या एसक्यूलाइट-व्हर्जनमध्ये पाहा. ब्रिक्सला चेक (टेबलावरची अट) लावा आणि नॉट नलही (रिकामं चालणार नाही) लावाच. अक्षरवेल यांनी सांगितलेला नॅन एसक्यूलाइटमध्ये जाताना नल होतो, आणि चेकचं उत्तर नल आलं तर चेक पास समजला जातो. नुसत्या चेकवर विसंबलात तर ब्रिक्स नसलेला लॉट आत जाईल.

वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशांत, दोन्ही पूर्णांक ठेवा. डेसिमल एसक्यूलाइट३ आपोआप घेत नाही. तारीख आयएसओ रूपात मजकूर म्हणून ठेवा आणि रूपांतर डिस्क्रिप्टरमध्ये करा. डेट आणि डेटटाइमचे आपोआप चालणारे अॅडॅप्टर ३.१२ मध्ये नापसंत ठरवले आहेत, इशारा दिसेल.

सिन्नर_फाटा

एवढं हाताने कशाला? तयार लायब्ररी आहेत की.

गोदाकाठ

@सिन्नर_फाटा, आहेत, पण त्या काय करत नाहीत हे पाहूनच घ्या. अॅटर्सचं डिफाइन असाइनमेंटच्या वेळी तपासतं, मात्र डेटाबेसशी त्याचं नातं नाही. पायडँटिकमध्ये ऑब्जेक्ट बनताना तपासणी होते, नंतरच्या असाइनमेंटला होत नाही. त्यासाठी व्हॅलिडेट-असाइनमेंट चालू करावं लागतं. जँगोचं सेव्ह स्वतःहून फुल-क्लीन बोलावत नाही. आठ-दहा क्लास आणि एका लॅपटॉपसाठी निफाडकरांचे तीन डिस्क्रिप्टर शे-दीडशे ओळींत बसतात. टेबलांमधली नाती वाढली तर मात्र एसक्यूएल-अल्केमीकडे जावं. तिची मॅप केलेली अॅट्रिब्यूटं आतून डिस्क्रिप्टरच आहेत.

निफाडकर

सगळ्यांचे आभार. लॉटला 'बदललेले'वाली पद्धत, सेटिंगला लगेच कमिट, असं करतो. इनिट लिहायचा कंटाळवाणा भाग वाचावा म्हणून वर डेटाक्लास लावला तर चालेल? आणि तिसरा प्रश्न राहिला आहे.

मेरीकर

डेटाक्लास चालेल, दोन अटींवर.

डीफॉल्ट किंमत ठरवताना डेटाक्लास क्लासवरून फील्ड वाचतं, म्हणजे डंडर गेटला इन्स्टन्स नन मिळतो. गोदाकाठ यांच्या सल्ल्याप्रमाणे तिथे सेल्फ परत दिला तर खुद्द डिस्क्रिप्टरच डीफॉल्ट होतो. ब्रिक्स न देता लॉट बनवला की डंडर सेटकडे डिस्क्रिप्टर येतो आणि 'संख्या हवी' अशी चक्रावणारी एरर दिसते. फील्ड सक्तीचं हवं असेल तर नन असताना अॅट्रिब्यूट एरर उठवा. डीफॉल्ट हवा असेल तर तो परत द्या.

दुसरी अट: स्लॉट्स-ट्रू देऊ नका. त्यात डेटाक्लास नवा क्लास बनवताना त्या नावांवरच्या वस्तू काढून स्लॉट्स बसवतं. तुमचे डिस्क्रिप्टर निघून जातात, एरर येत नाही आणि तपासणी बंद.

नाशिकरोडकर

तिसऱ्याबद्दल: डेटाबेसमधून लॉट वाचताना डंडर सेटमधून जाऊ नका. डंडर न्यूने रिकामा ऑब्जेक्ट करा आणि किमती थेट डिक्टमध्ये भरा, 'बदललेले' रिकामा. नाहीतर उद्या नियम कडक केला की जुनी नोंद उघडतासुद्धा येणार नाही, आणि ती उघडल्याशिवाय दुरुस्त कशी करणार? वाचताना भरलेलं 'बदललेले'मध्ये गेलं तर नुसतं पाहिल्यानेही सेव्ह होईल, ते वेगळंच.

सेव्हमधला दोन फील्डांचा नियमही त्यांतलं एखादं 'बदललेले'मध्ये असेल तरच तपासा. नाहीतर नाव दुरुस्त करायला गेलेला माणूस जुन्या वजनाच्या चुकीवर अडकेल.

अक्षरवेल

वाचताना तपासणी सोडायची हे मान्य. पण एक्सेलमधून पहिल्यांदा आत घेताना ती सोडायची नाही. तपासणी डंडर सेटच्या आत कोंडू नका, वेगळ्या 'तपास' मेथडमध्ये ठेवा, म्हणजे ऑब्जेक्ट न बनवताही ती बोलावता येते. आयात करताना प्रत्येक ओळीचं प्रत्येक फील्ड त्यातून काढा, पहिल्या चुकीला थांबू नका, आणि ओळ क्रमांक, फील्ड, आलेली किंमत, कारण असं एका वेगळ्या टेबलात लिहा. नापास ओळी कच्च्या टेबलातच राहू देत. कच्चं टेबल साधं, स्ट्रिक्ट नाही, सगळे कॉलम मजकूर. पक्क्या स्ट्रिक्ट टेबलात फक्त पास झालेल्या.

कच्च्यातून पक्क्यात थेट एसक्यूएलने ओतायचा मोह टाळा. '22.5' असा मजकूर स्ट्रिक्टच्या रिअल कॉलममध्ये एसक्यूलाइट स्वतः आकडा करून घेतं, पण '२२.५' त्याला कळत नाही आणि ती ओळ एरर देते. पायथॉनच्या फ्लोटमधून नेलं की दोन्ही सारखेच जातात.

निफाडकर

नावांचं? एकच शेतकरी दोन-तीन स्पेलिंगने आहे.

अक्षरवेल

सामान्यीकरणानंतर अक्षरशः सारखी झालेली नावं एकत्र करा, पण गाव आणि प्लॉट नंबर जुळत असतील तरच. बाकीच्या जोड्या, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा फरक, मधलं नाव गाळलेलं, या प्रोग्रामने एकत्र करू नयेत. त्यांची यादी छापून पॅकहाऊसच्या मुकादमाकडून खूण करून घ्या आणि कुठलं जुनं नाव कुठल्या आयडीला गेलं ते वेगळ्या टेबलात कायम ठेवा. एका गावात त्याच नावाचे दोन चुलतभाऊ असतात आणि पैसे नावावरून निघतात.